विजूला बसू द्या

गॅसवर भरताची वांगी भाजत ठेवली होती आणि नातीने फोन आणून माझ्या कानाला लावला. पलीकडे नाना होते. नाना म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, विजयाचे थोरले भाऊ, बोदवडकडचे केळीचे बागाईतदार. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलल्यासारखं आयुष्यभर मोठ्याने बोलणारा माणूस. त्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यातून त्यांचा आवाज इतका बारीक आला की मी आधी "कोण बोलतंय?" असंच विचारलं. "मंगल... विजू गेली व," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला. वांगी जळून कोळसा झाली, ते नंतर वासावरून कळलं.

तासाभरात आमच्या कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फुलं, पणत्या आणि जोडलेले हात सुरू झाले. मला चष्मा सापडत नव्हता (तो डोक्यावर होता), म्हणून नात वाचून दाखवत होती. त्यात एकीने लिहिलं होतं, "आमची विजया आज खुर्ची सोडून स्वतःच्या पायांनी चालत देवाच्या दारी गेली." त्याखाली भराभर अंगठे उमटले, रडके चेहरे उमटले. मी नातीला म्हटलं, "लिही, देवाच्या दाराला पायऱ्या किती आहेत ते आधी विचारून घ्या." नातीने लिहिलं नाही. हल्लीची मुलं फार सभ्य झाली आहेत.

विजूला जाऊन आता काही आठवडे झाले. हा लेख म्हणजे ते न पाठवलेलं उत्तर समजा. दुःख आहेच, आणि माझ्या वयात ते कुठे पळून जात नाही. पण सध्या राग पुढे आहे, दुःखाने जरा मागे बसावं. ज्या बाईने उरलेलं अर्धं आयुष्य "मला बसून जगू द्या" एवढंच मागितलं, तिला मेल्या दिवशीसुद्धा लोकांनी उभं केलं आणि चालवलं.

आम्ही दोघी अमळनेरला कॉलेजात होतो, वसतिगृहात एका खोलीत. ती प्राणिशास्त्र घ्यायला आली होती, मी पांढरा अ‍ॅप्रन घालायला मिळतो म्हणून आले होते. खोटं कशाला सांगू? तो अ‍ॅप्रन घालून मी एसटी स्टँडवर जायची, कुणीतरी "डॉक्टरीणबाई" म्हणेल म्हणून. एकदा एका म्हाताऱ्या बाईने खरंच थांबवलं आणि विचारलं, "पोरी, मेसची भाकर कुठं मिळते व?" तर अशी ती तेव्हाची मी. प्रॅक्टिकलला बेडकाच्या पायातली नस सोडवून दाखवायची असे. विजू सुई घेऊन बसायची आणि ती नस पांढऱ्या रेशमासारखी अख्खी मोकळी करायची. माझी तुटली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि शिवणाच्या दोऱ्याने गाठ मारून टाकली, वर जर्नलमध्ये अखंड नसेचं सुंदर चित्र काढलं. सर वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ही जोडणी देवाने केली की तुम्ही?" विजू वर्गाबाहेर जाऊन हसली. मी मात्र आठवडाभर तिच्याशी अबोला धरला, जणू नस तिनेच तोडली होती.

पुढे मी लग्न करून जळगावच्या केळी-व्यापाऱ्याच्या घरात आले. अ‍ॅप्रनची फडकी झाली. विजू एम.एस्सी. करून धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझं पाहिलं ना." एवढं एक वाक्य मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

अपघात सोनगीरजवळ झाला. शिरपूरकडून परीक्षेचं काम आटोपून येताना जीप उलटली. विजू रस्त्याकडेच्या चारीत पडली होती, पूर्ण शुद्धीवर. ती ओरडत होती, "मला हलवू नका, आधी सपाट फळी आणा!" आणि आपली माणसं किती प्रेमळ! चौघांनी हातपाय धरून उचललं, बसतं केलं, कांदा हुंगवला, पाणी पाजलं आणि दुसऱ्या जीपमध्ये दोन बायकांच्या मधोमध बसवून धुळ्याला आणलं. रस्ताभर एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पडल्यामुळे पाठीचा मणका किती सरकला आणि उचलल्यामुळे किती, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकला नाही. त्या माणसांवर मी रागावत नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. माझा राग शिकलेल्यांवर आहे.

ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले. छातीखालचं तिला काही कळत नव्हतं. काय बोलावं सुचेना, म्हणून मी विज्ञानाची पदवीधर या नात्याने विचारलं, "अगं, नस म्हणजे वायरच ना? मग जोडत का नाहीत?" विजूने माझ्याकडे पाहिलं. आणि मग ती हसायला लागली... जेवढ्या अंगाने हसता येत होतं तेवढ्या सगळ्या अंगाने. "मंगे, तू अजून तो दोराच घेऊन फिरतेस का गं?" नर्स धावत आली. तिला वाटलं पेशंट रडतेय.

मग पुढच्या कितीतरी भेटींत तिने मला ते समजावलं. थोडी सावरल्यावर ती त्याचा अभ्यासच करत होती. बाहेर शिकायला गेलेले जुने विद्यार्थी तिला शोधनिबंध पाठवत आणि ती चाकाच्या खुर्चीला लावलेल्या पाटावर ते पसरून बसे. माझ्यासारखीला कळलं म्हणजे कुणालाही कळेल, म्हणून इथे सांगते.

हातातला मज्जातंतू तुटला तर तुटीच्या पलीकडचा तुकडा मरतो, पण भोवतीच्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या मोडतोड झाडून काढतात, रांगेत उभ्या राहून नव्या टोकाला वाट करून देतात. ते टोक मग दिवसाला खसखशीच्या दाण्याएवढं पुढे सरकतं. मज्जारज्जूत मात्र ही झाडलोट नीट होतच नाही. तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, त्याचा चुरा तिथेच पडून राहतो. आणि त्या चुऱ्यात अशी काही प्रथिनं असतात, की वाढू पाहणाऱ्या टोकाचा त्यांना स्पर्श झाला की ते लाजाळूच्या पानासारखं मिटून जातं. त्यातून वाचलं तर पुढे जखमेची भिंत. ताऱ्याच्या आकाराच्या पेशी जखमेभोवती गर्दी करतात आणि साखरेच्या साखळ्या लटकलेली प्रथिनं बाहेर टाकतात. पाकात मुंगी रुतते तसं ते टोक त्यात रुततं. लोक या भिंतीला शिव्या देतात, विजू देत नसे. "ती भिंत उभी राहिली नसती तर सड वर पसरली असती, मंगे. माझे हातही गेले असते. राखणदाराने चोराबरोबर घरच्यांनाही अडवलं, एवढाच त्याचा गुन्हा."

आणि वाट मोकळी केली तरी काम होत नाही, कारण पेशीचीच वाढायची हौस संपलेली असते. आईच्या पोटात हेच तंतू मेंदूपासून कमरेपर्यंत धावत जातात. एकदा जोडण्या झाल्या की पेशी वाढीचं दुकान बंद करते आणि काही जनुकं कुलपासारखी लावून टाकते. उंदरांमध्ये असं एक कुलूप काढून पाहिलं, तर मोठ्या वयाच्या तंतूंनाही पालवी फुटली. ते मला सांगताना तिचे डोळे चमकत होते. पण तेच कुलूप बाकीच्या शरीरात गाठी वाढू देत नाही. मग काढायचं तर कुठे, किती, आणि किती वेळ? शिवाय वाढलेला तंतू योग्य घरी पोचायला हवा. "नाहीतर अंगठ्याकडे निघालेला तंतू मूत्राशयाला जाऊन चिकटायचा. मी अंगठा हलवायला जाईन आणि तुला माझी साडी बदलावी लागेल."

तर असं आहे ते. दगडासारखं कठीण, आणि तरीही जगभर माणसं त्यावर डोकं फोडताहेत. ती त्या माणसांच्या विरोधात कधीच नव्हती, हे नीट लक्षात घ्या. नवा निबंध आला की ती मला जळगावला फोन करून अर्धा तास बोलायची आणि मी कणीक मळता मळता "हो का" म्हणायची. तिचं म्हणणं एकच होतं. "शोध लागेल गं. लागू दे, मी पेढे वाटीन. पण तोवर मला संडासाला जायचंय ना?"

हे "तोवर" कुणाला ऐकूच आलं नाही.

ती कॉलेजात परत रुजू झाली तेव्हा प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती आणि खालच्या वर्गांनाही तीन-तीन पायऱ्या होत्या. तिने उतार बांधून मागितला. मी तेव्हा तिच्याबरोबर होते, म्हणून ऐकीव सांगत नाही. प्राचार्यसाहेब खुर्चीतून उठले, हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "मॅडम, असं अशुभ का बोलता? पुढच्या वर्षी तुम्ही चालत याल. उतार बांधला म्हणजे आम्ही आशा सोडली असं होईल." बघा! सिमेंट वाचलं आणि पुण्यही लागलं. पुढची कित्येक वर्षं शिपाई तिला खुर्चीसकट उचलून वर्गात नेत होते आणि सगळं कॉलेज आशा बाळगून होतं. एकदा पायरीवर खुर्ची कलंडली, तेव्हा ती सर्वांसमोर ओरडली, "तुमच्या आशेला चाकं लावा रे कुणीतरी!" पोरं हसली. साहेबांनी तिला मानसिक धक्का बसल्याचं जाहीर केलं.

आणि नाना. नानांवर लिहिताना पेन थांबतं, कारण त्या माणसाइतकं तिच्यावर कुणी प्रेम केलं नाही. आणि त्या प्रेमाइतका त्रासही तिला कशाचा झाला नाही. अपघातानंतर तिला ते गावी घेऊन गेले. सकाळी तिची खुर्ची केळीच्या बागेत नेली, विळा घेतला आणि तिच्यासमोर केळीचं एक कोवळं झाड सपकन आडवं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच नेलं. ज्यांनी केळी लावली आहे त्यांना माहीत आहे, कापलेल्या बुंध्याच्या मधोमध हिरवी सुरळी रात्रीतून वर आलेली असते. नाना म्हणाले, "पाह्य विजू. कापली तरी येते का नई वर? आपली जातच केयीची हाये."

विजूने त्या सुरळीला हात लावला. मग शांतपणे सांगितलं, "नाना, तुम्ही कापलं ते खोड नव्हे, ती नुसती पानांची गुंडाळी. केळीचा जीव खाली कंदात असतो. कंद शाबूत आहे म्हणून ती वर येते. माझा कंद चिरलाय."

नानांनी त्यातले दोनच शब्द ऐकले, कंद शाबूत. त्या दिवसापासून ते बहिणीची निगा बागेसारखी करू लागले. आणि ही चूक केळी पिकवणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी! कापलेली केळी फुटण्याची वाट पाहावी, तशी ते वाट पाहू लागले. कुणी तेल सांगितलं, आणलं. कुणी पायाला माती बांधायला सांगितली, बांधली. चालायला शिकायचे लोखंडी कठडे अंगणात रोवले. पण ओटीवरचा दगडी उंबरठा फोडला नाही. एक तर उंबरठा फोडणं घराला वाईट, आणि दुसरं म्हणजे फोडला तर बहीण चालणार नाही हे कबूल केल्यासारखं. विजू तिथे असेपर्यंत त्या उंबरठ्याच्या आत अडकून राहायची, आणि बाहेर अंगणात कठडे गंजत राहायचे. हवा भरायची चांगली गादी तिला बसायला हवी होती. अशा माणसाला बसून बसून जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. तीच पुढे जीव घेते. हे तिने नानांना सांगितलं, मी सांगितलं. नाना म्हणायचे, "गादी कायले? तिले काय जन्मभर बसाचं हाये का?"

शेवटी ती धुळ्याला परत गेली, तळमजल्यावर खोली भाड्याने घेतली, सोनगीरकडची लताबाई मदतीला ठेवली आणि गादी स्वतःच आणली. मग ती जगली, आणि चांगली वर्षानुवर्षं जगली. पोरांना शिकवलं, सिनेमे पाहिले, मला टोमणे मारले. दर थोड्या वेळाने ती दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून स्वतःला वर उचलायची, श्वास घ्यायची आणि खाली टेकायची, म्हणजे कातडीला रक्त पोचतं. शिकवताना, जेवताना, भांडतानासुद्धा. आमचं भांडण रंगात आलं की मध्येच उचलायची आणि मला वाटायचं आता ही मला मारायला उठली.

आता थोडा राग तुमच्या-आमच्या वर्तमानपत्रांवर, आणि संपादकांनी हा भाग कापू नये. "पांगळे चालणार!" असा मथळा दर काही महिन्यांनी कुठेतरी येतोच. मथळ्यात माणूस चालत असतो, शेवटच्या ओळीत उंदीर. आणि शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं? नाना तर मथळाच कापून खिशात ठेवायचे आणि बहिणीला आणून द्यायचे. तिने उंदीर दाखवला की म्हणायचे, "आज उंदीर, उद्या मानूस."

असाच एक कागद घेऊन ते गेल्या वर्षी आले. एका मोठ्या शहरात एक केंद्र निघालं होतं. तिथे म्हणे पेशींचं इंजेक्शन देतात आणि नसा नव्याने उगवतात. विजूने फोन लावला, मी तेव्हा तिच्याकडेच होते. तिने विचारलं, पेशी कोणत्या, आणता कुठून, आत गेल्यावर त्यांचं होतं काय, भिंतीचं काय करता, टोकांना वाट कोण दाखवतं? पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही पॉझिटिव्ह राहा." विजूने फोन ठेवला. "मंगे, पॉझिटिव्ह राहायला मी काय बॅटरी आहे?"

आणि तरीही ती गेली. तुम्ही विचाराल, एवढी शहाणी बाई गेली कशी? मीही तिला तेच विचारलं, जरा कमी सभ्य शब्दांत. ती म्हणाली, "नाना थकलेत गं. हातात काठी आली. हा माणूस माझ्या पायांची वाट पाहत पाहत मरणार आहे. त्यांना एकदा डोळ्यांदेखत हरू दे, म्हणजे सुटतील. मी बरी व्हायला नाही जात, त्यांना बरं करायला जाते." मी म्हटलं, "विजू, जाऊ नको." ती म्हणाली, "तू फक्त माझ्या गादीत हवा भरून दे."

लांबचा प्रवास, गाडीत तासन्‌तास बसणं. तिथल्या लोकांनी गादी बाजूला टाकली, "आता हिची गरज नाही" म्हणून. इंजेक्शन दिलं. आणि मग पट्ट्यांनी छातीला, कमरेला, गुडघ्यांना बांधून तिला एका लाकडी चौकटीत उभं केलं, व्हिडिओ काढायला. किती वेळ उभी होती ते तिलाही सांगता आलं नाही. पट्टे रुतत होते ते तिला कळत नव्हतं. समोर नाना उभे होते. त्यांच्या बहिणीची मान आज त्यांच्या मानेच्या उंचीला आली होती... आणि नाना रडत होते. ज्याला ती हरवायला घेऊन गेली होती, तो माणूस तिथे जिंकला.

परत आल्यावर लताबाईने कमरेखाली काळपट डाग पाहिला. केंद्राला फोन केला तर सांगण्यात आलं, पेशी कामाला लागल्या, आतली उष्णता बाहेर पडतेय, चिंता नको. नानांना हे पटलं. आठवडा गेला, जखम हाडापर्यंत गेली. "मावशी, बाईले दुखनंच नही व," लताबाई मला सांगताना रडत होती, "दुखतं तर ती घर डोक्यावर घेती." खरं होतं ते. इतकी भांडखोर बाई, आणि तिच्या शरीराला शेवटी तक्रारच करता आली नाही.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ती कुशीवर होती, रक्तात विष भिनलेलं, तापाने डोळे लाल. नाना बाहेर बाकावर बसले होते. ती हळूच म्हणाली, "मंगे, उद्या लोक म्हणतील मणक्याने गेली. म्हणू देऊ नको. मणक्याने मला इतकी वर्षं छान सांभाळलं." मग थोडं थांबून म्हणाली, "गादीवाचून गेली म्हण." मी "हो" म्हटलं. तेच इथे म्हणते आहे. विजया मज्जारज्जू तुटल्यामुळे मेली नाही. ती बसलेली आहे हे आम्हा शहाण्या माणसांना बघवलं नाही, म्हणून मेली.

परवा नानांनी धुळ्याला बोलावलं, खोली रिकामी करायची म्हणून. मी गेले तर नाना स्टुलावर चढलेले, काठी खाली टेकवून ठेवलेली, आणि हातोडीने भिंतीत उंचावर खिळा ठोकत होते. खोलीचा मालक तिची आठवण म्हणून फोटो लावायला हो म्हणाला होता. फोटो काचेत जडवून आणला होता, मोठा. तो त्यांनी खिळ्याला अडकवला. विजू उभी. मला आधी कळेचना हा कुठला फोटो. मग कळलं, त्या व्हिडिओतलाच तो एक क्षण होता. फोटोवाल्याने पट्टे आणि चौकट सफाईने पुसून टाकली होती आणि मागे निळं आभाळ भरलं होतं.

"पाह्य मंगल, कशी हासते," नाना म्हणाले.

विजू दात आवळून बसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. वसतिगृहात वॉर्डनबाई ओरडायला लागल्या की पडायची, शिपाई खुर्ची उचलायला लागले की पडायची. मी ती खळी ओळखते. ते हसू नव्हतं.

"नाना, उतरवा तो."

"कायले?"

"बांधलीय तिला त्यात."

"उभी हाये," नाना म्हणाले. "मंगल, माही बहिन उभी हाये."

"तिला नको होतं उभं राहायला! तिने तुम्हाला किती वेळा सांगितलं..."

"तू मले नको शिकवू!" नानांचा तो जुना आवाज परत आला, बांधावरचा. "बारकी होती तवा खांद्यावर घेऊन शाळेत नेली मी तिले. तू पेपरात लिवनारी बाई. तुले काय ठावं?"

मला काय ठावं... बोलले असते तर फार वाईट बोलले असते. नाना फोटो काढून स्टुलावरून उतरले, खांद्यावरच्या पंच्यात तो गुंडाळला आणि काठी टेकत निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मला माहीत आहे, नाना पेपर पहिल्या पानापासून केळीच्या भावापर्यंत वाचतात, तेव्हा हेही वाचतील. नाना, तुमचं प्रेम खोटं नव्हतं. पण ते तिच्या पायांवर होतं, आणि ती पायांत राहत नव्हती.

ते गेल्यावर मी खोलीत एकटी उरले. पाय दुखत होते, म्हणून तिच्या खुर्चीत बसले. दुसरी खुर्ची तिने ठेवलीच नव्हती, पाहुण्याने खाटेवर बसायचं. बसल्यावर ती खोली मला पहिल्यांदा नीट दिसली. इतकी वर्षं मी तिथे उभ्याने वावरले होते, आणि दर वेळी वाकून वाकून कंबर दुखली म्हणून तिच्यावर करवादले होते. आता हात लांबवला तर दिव्याचं बटण हाताशी आलं. खिडकीची कडी आली. पाण्याचा माठ, चहाचा डबा, टॉवेलची दोरी, भिंतीवर तिने काळ्या रंगाने रंगवलेला फळा आणि त्याच्या कडेला ठेवलेला खडू, सगळं आपणहून हाताला लागत होतं. मी, जळगावची पायांवर चालणारी बाई, त्या खोलीत पहिल्यांदाच आरामात बसले होते.

फक्त एक गोष्ट हाताला येत नव्हती. वर, भिंतीच्या त्या भागात जिथे विजूने कधी काही लावलंच नाही, नानांनी ठोकलेला नवा कोरा खिळा.